१ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर: मॉरिशसला दोन वेगळ्या सुट्ट्या कशासाठी?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या निर्मूलनाची आणि २ नोव्हेंबरला भारतीय कंत्राटी मजुरांच्या आगमनाची, अशा दोन स्वतंत्र सार्वजनिक सुट्ट्या असतात. माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडून येथे आले आणि ज्या उसाच्या मळ्यांत पूर्वी गुलाम राबले, त्याच मळ्यांत त्यांनी घाम गाळला. मग दोघांचा मिळून एकच स्मरणदिन का नसावा? वेगळ्या सुट्ट्यांमुळे समाजात दोन तट पडतात, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद १:
आपली तळमळ समजते, पण सूचना पटत नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी सुमारे ६६ हजार माणसे कायद्याने मुक्त झाली. मात्र ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली ती मालकांना, मुक्त झालेल्यांच्या हाती छदामही पडला नाही, उलट उमेदवारीच्या, म्हणजे सक्तीच्या शिकाऊ कामाच्या, नावाखाली त्यांना १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. पुढे त्यांनी मळे सोडले आणि ती जागा आपल्या लोकांनी भरून काढली. आपल्या पूर्वजांचेही हाल झाले, पण त्यांच्या हाती करार होता, तुटपुंजी का होईना मजुरी होती, आणि भाषा व देव त्यांना जपता आले. गुलाम म्हणजे मालकाच्या मालमत्तेच्या यादीतली एक नोंद. हा फरक एका सामाईक तारखेत पुसला जाईल, आणि ज्यांचा आवाज आधीच क्षीण आहे, त्यांचेच दुःख झाकले जाईल.

प्रतिसाद २:
मी १ फेब्रुवारीला इथल्या ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी गेले होते. पळालेले गुलाम या डोंगरावर लपत. मुक्तीची बातमी घेऊन येणारे शिपाई आपल्याला पकडायलाच येत आहेत, असे वाटून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे लोकपरंपरा सांगते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध क्रिओल (गुलामांच्या वंशातल्या) बाईंनी दगडावर फुले ठेवली आणि बराच वेळ हात तिथून उचलला नाही. त्यांना स्वतःचा दिवस हवा, याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून शंका उरली नाही.

आणखी एक. फ्रेंचांच्या काळात नेलेल्या गुलामांमध्ये मादागास्कर आणि मोझांबिकबरोबर भारतातलेही लोक होते. त्यामुळे पहिला दिवस ‘त्यांचा’ आणि दुसरा ‘आपला’, ही वाटणी मुळातच चुकीची आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
भारतातूनही गुलाम आणले गेले, हे मला ठाऊक नव्हते. एकच सुट्टी असावी, ही सूचना मी मागे घेतो. आमच्या मंडळाचे लोक २ नोव्हेंबरला आप्रवासी घाटावर, जिथे कंत्राटी मजूर जहाजातून उतरले तिथे, जातातच. येत्या १ फेब्रुवारीला सर्वांनी ल मॉर्नलाही जावे, असे मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.