मदत हवी आहे : १८७७ च्या स्वित्झर्लंडमधील कारखाना कायद्यावरील सार्वमत

१८७४ च्या राज्यघटनेने स्विस नागरिकांना असा अधिकार दिला की, ३०,००० मतदारांनी ९० दिवसांत सह्या दिल्यास संसदेने संमत केलेला कायदाही लोकांच्या मतास टाकावा लागे. कामाचा दिवस ११ तासांवर आणणारा आणि १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास ठेवण्यास मनाई करणारा कारखाना कायदा विरोधकांनी याच मार्गाने अडवून धरला. तरीही २१ ऑक्टोबर १८७७ रोजी तो निसटत्या बहुमताने मंजूर झाला. माझ्या मते त्या शतकातील हे सर्वांत महत्त्वाचे सार्वमत होय, कारण सूतगिरण्यांत राबणाऱ्या ज्या स्त्रियांच्या आयुष्याचा हा प्रश्न होता, त्यांना मताधिकारच नव्हता.

ग्लारुस कँटनने (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडचे घटक राज्य), जिथे मतदार उघड्या मैदानात हात वर करून निर्णय घेतात, असा कायदा १८६४ मध्येच केला होता. या पार्श्वभूमीवर, गिरण्यांच्या भागांत आणि शेतकरी कँटनांत १८७७ चे मतदान कसे विभागले गेले, याचा गावनिहाय तपशील कुठे मिळेल? गटात जर्मन जाणणारे किंवा तिकडे राहणारे कोणी असल्यास, कोणत्या अभिलेखागारात विचारणा करावी आणि त्या काळची कोणती वृत्तपत्रे चाळावीत, हे कृपया सांगावे.