वेल्फेअर आणि कॅम्पेन्स: युनियनची निवडणूक लढवणं म्हणजे नेतेगिरी नव्हे

मिडलँड्सकर
काल जुना_जीएस काकांनी लिहिलं, की इंग्लंडमध्ये एमएससी करणारा त्यांचा भाचा तिथल्या विद्यार्थी युनियनमध्ये 'वेल्फेअर अँड कॅम्पेन्स ऑफिसर' (विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणं आणि त्यांच्या मागण्या लावून धरणं, अशी दोन्ही कामं असलेलं पद) या पदासाठी उभा राहतोय आणि त्यांनी त्याला फोनवर झापलं. "कर्ज शिकायला काढलंय, नेतेगिरी करायला नाही. कॅम्पेन म्हणजे मोर्चे. व्हिसा जाईल तेव्हा डोळे उघडतील." त्याखाली ओळीने सगळे 'अगदी बरोबर'. मी दोन वर्षांपूर्वी याच पदासाठी उभी राहिले होते, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी व्हिसा. स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं हे खरं, पण युनियनचं निवडून आलेलं पूर्णवेळ पद हा त्याला अपवाद आहे. मुदतीत अर्ज करून व्हिसा वाढवून घ्यावा लागतो, एवढंच. पद पगारी असतं. १९९४ च्या तिथल्या शिक्षण कायद्याने मतदान गुप्त असतं आणि एका माणसाला अशा पदावर एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. आयुष्यभराची गादी नाही ही.

आता मोर्चे. माझ्या वर्षी आम्हा पाच जणांचा सरकारी शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला. फी थकल्यामुळे 'रजिस्ट्रेशन थांबवू' असं पत्र पाचही जणांना आलं. प्रत्येक जण एकेकटा काउंटरवर जाऊन रडला. प्रत्येकाला एकच उत्तर: तुमच्या देशातून पत्र आणा. वेल्फेअरच्या ताईंनी पाणी दिलं, समुपदेशनाची वेळ दिली. समुपदेशन काय करणार? आजार मनाचा नव्हता, पैशांचा होता. पाचही पत्रं एकत्र करून आम्ही कुलगुरूंच्या बैठकीत ठेवायला लावली, तेव्हा सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांना मुदत मिळाली. त्यालाच कॅम्पेन म्हणतात, काका.

जुना_जीएस
व्हिसाबद्दल मला ठाऊक नव्हतं, तेवढं मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. माझ्या बहिणीने घर गहाण टाकलंय. जूनपर्यंत तो मतं मागत फिरला तर प्रबंध कोण लिहिणार?

मिडलँड्सकर
मतदान मार्चच्या आसपास असतं काका, प्रचार एकदीड आठवड्याचा. खरी अडचण पुढे आहे. पदभार बहुतेक ठिकाणी जुलैत घ्यावा लागतो आणि एमएससीचा प्रबंध सप्टेंबरात द्यायचा असतो. ते दोन महिने जड जातात. हे त्याला आत्ताच सांगा, झापण्यापेक्षा उपयोगी पडेल.

हिशेबी
मी अशाच एका युनियनच्या सल्ला केंद्रात चार वर्षं नोकरी केली. दोन्ही बाजूंना न आवडणारं लिहितो. वेल्फेअर आणि कॅम्पेन्स ही दोन कामं एकाच पदाला जोडली आहेत, हाच घोळ आहे. निवडणूक जिंकतो तो कॅम्पेनवाला. त्याला आवाज असतो, पोस्टर जमतात, लेक्चर सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटांत वर्ग गाजवता येतो. आणि जुलैनंतर त्याच्यासमोर येते रात्री दोनला घरमालकाने बाहेर काढलेली मुलगी. त्याचं प्रशिक्षण नसतं. केस आम्ही सांभाळायचो. ते योग्यच होतं, कारण घरभाडं, परीक्षेतली अपिलं ही शिकलेल्या माणसाची कामं आहेत. पण जाहीरनाम्यात मात्र प्रत्येक वर्षी '२४ तास समुपदेशन'. त्याचं बजेट विद्यापीठाच्या हातात असतं, ऑफिसरच्या नाही. ऑक्टोबरात पोरं आमच्या टेबलावर येऊन विचारायची, "कुठंय ते?"

मिडलँड्सकर
माझ्याही जाहीरनाम्यात ते होतं. चूक होती, कबूल करते. पण पद तोडण्याला माझा विरोध आहे. तुमच्या टेबलावर एकाच घरमालकाच्या बारा तक्रारी आल्या, तर ते बारा वेगळे कागद राहतात. त्या बाराचा एक प्रश्न करून विद्यापीठासमोर कोण नेणार? सल्लागार नोकर असतो, त्याला मर्यादा आहेत. निवडून आलेल्याला नाहीत.

हिशेबी
न्यायला हवा खरा. माझ्या चार वर्षांत एकाने नेला. एकाने.

तळकोकण
मुद्दा वेगळाच आहे आणि तो कुणी बोलत नाही. आपली मुलं उभी राहतात ती भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. 'आपल्या माणसाला एक नंबर द्या, बाकी रिकामं सोडा.' माझ्या मुलीला तर मराठी ग्रुप वेगळा, तेलुगू वेगळा, गुजराती वेगळा, प्रत्येकाचा उमेदवार वेगळा, असं दिसलं. आपण सातासमुद्रापार जाऊन जातपंचायत भरवली.

मिडलँड्सकर
हे झोंबलं, कारण मी नेमकी अशीच हरले. तिथे पसंतीक्रमाने मतदान असतं. पहिल्या फेरीत मी पुढे होते. मग खालचे उमेदवार बाद होत गेले, त्यांची दुसऱ्या पसंतीची मतं वाटली गेली आणि मी मागे पडले. नर्सिंगच्या मुली पहाटे पाचला उठून रुग्णालयात प्लेसमेंटला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, जायच्या. त्यांचा बसभाड्याचा प्रश्न माझ्या शिष्यवृत्तीपेक्षा लहान नव्हता. मी त्यांच्या इमारतीत एकदाही गेले नाही. त्यांनी मला दुसरी पसंती का द्यावी? भाच्याला हे जरूर सांगा.

कॉलेजकट्टा
ताई, तुम्हाला हरायला तरी मिळालं. मी मराठवाड्यात शिकतो. आमच्याकडे निवडणूकच नाही. वर्गातला पहिला नंबर म्हणून एकाला प्रतिनिधी नेमतात. तो हॉस्टेलवर राहत नाही, मेसची आमटी त्याने चाखलेली नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही हे त्याला ठाऊकही नाही. आणि जुना_जीएस काका, तुमच्या पिढीने धिंगाणा घातला म्हणून आमचा हक्क गेला.

जुना_जीएस
तोंड सांभाळून. धिंगाणा मी घातला नाही, मी तो पाहिला. ८६ साली मी कॉलेजचा जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडलेला जनरल सेक्रेटरी, झालो. विरोधी पॅनेलच्या पोराला मतदानाच्या आदल्या रात्री उचललं आणि तीस किलोमीटरवर उसाच्या फडात सोडलं. माझ्या पॅनेलनं उचललं. मला सकाळी कळलं आणि मी गप्प बसलो, कारण मी जिंकत होतो. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे नव्वदच्या दशकात निवडणुका बंद केल्या, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. भाच्यावर ओरडलो ते व्हिसासाठी नाही.

कॉलेजकट्टा
मग त्या पोराची माफी मागायची होती. आमची निवडणूक काढून घेऊन काय भरपाई झाली? २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने सांगितलं होतं ना, खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही, प्रचाराला मोजके दिवस. सर्वोच्च न्यायालयाने तेच लागू करायला सांगितलं. आमच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात कलम ९९ मध्ये निवडणूक लिहिलेली आहे. २०१९ मध्ये वेळापत्रक निघालं आणि विधानसभेचं कारण सांगून पुढे ढकललं. विधानसभेची निवडणूक चालते, कॉलेजची चालत नाही?

तळकोकण
५,००० रुपयांत हल्ली बॅनरसुद्धा होत नाही. पक्ष पैसा ओततील, हिशेब कागदावर बरोबर निघेल. वर्गात अभ्यास राहू दे.

कॉलेजकट्टा
अभ्यास राहिलाय का? येऊन बघा. तीन विषयांना प्राध्यापक नाहीत, तासिका तत्त्वावर एक येतो, त्याचाही पगार रखडलाय. कोणी बोलायचं? पहिला नंबरवाला? त्याला प्रॅक्टिकलचे मार्क हवेत.

हिशेबी
हे शेवटचं मात्र अचूक आहे. ज्याला मार्कांची भीती आहे तो प्रतिनिधी होऊ शकत नाही. तिथे ऑफिसर वर्षभर शिक्षणातून बाहेर असतो, म्हणून प्राध्यापकासमोर बसून बोलू शकतो. एवढ्यापुरता ताईंचा मुद्दा मानतो. पद जोडलेलं असावं हे अजून मानत नाही.

मिडलँड्सकर
नका मानू. पण तुमच्या टेबलावरच्या बारा कागदांचं त्या एका ऑफिसरने काय केलं, ते तरी सांगा.

हिशेबी
दर सोमवारी यायचा. नावं झाकून तक्रारींची यादी मागायचा, कितीजणांची कोणती. ती घेऊन निवास विभागात जायचा. वर्षाअखेर तो घरमालक विद्यापीठाच्या शिफारस यादीतून निघाला. भाषण त्याला अजिबात जमायचं नाही. अगदी थोडक्यात निवडून आला होता.

जुना_जीएस
कॉलेजकट्टा, त्या पोराची माफी मी मागितली. वीस वर्षांनी, त्याच्या मुलीच्या लग्नात. तो हसला आणि जेवायला वाढायला लावलं. माफ केलं की नाही, मला कळलं नाही.
मिडलँड्सकर, आत्ता भाच्याला फोन केला. म्हणालो, उभा राहा, पण प्रबंधाचं वेळापत्रक आधी पाठव. आणि नर्सिंगच्या इमारतीत जाऊन ये. तो म्हणतो, जाहीरनाम्यात २४ तास समुपदेशन लिहिलंय. काढायला सांगितलंय. दुसरा मसुदा रात्री पाठवतोय. तू वाचून बघशील का?

मिडलँड्सकर
पाठवा. उद्या सकाळपर्यंत वाचते. हिशेबींनाही द्या, ते जास्त खोडतील.