मदत हवी आहे: भुईमुगाचे शेंडे वळलेत, काय मारू? अर्जंट

माळावरचा
उन्हाळी भुईमुगात तणनाशक मारलं आणि शेंडे वाकडे झालेत. पानं आत वळलीत. आबा दिवसातून दोनदा फोन करतायत. मी पुण्यात, शनिवारशिवाय गावाला जाता येत नाही. दुकानदार म्हणतो टॉनिक मारा, सातशेचं आहे. मारू का? लवकर सांगा, उद्या सकाळी फवारायला माणूस यायचाय.

कोरडवाहू
कुठलं तणनाशक? फवारणीच्या पंपाला किती? पीक किती दिवसांचं, मारून किती दिवस झाले? ‘शेंडे वाकडे’ एवढ्यावर पंचांगवालाही सांगणार नाही.

माळावरचा
भुईमुगाचंच आहे हो, नेहमीचं. फोटो टाकलाय वर.

कोरडवाहू
फोटोत आबांचा पाय आणि अर्धं पान दिसतंय. बाटलीवर घटकाचं नाव असतं ते वाचायला सांगा.

शेणकाला
मुळात तणनाशक मारायचंच कशाला? मी सहा वर्षं एक थेंब घेतला नाही. दोन कोळपण्या, एक खुरपणी, पंधरा दिवसांनी जीवामृत. गांडुळं मोजायला या कधीतरी.

वरची_आळी
खुरपायला बायका कोण देतं काका तुम्हाला? आमच्याकडे सगळ्या कांद्याला जातात. साडेनऊला येतात, दीडला डबा धुऊन घरी.

माळावरचा
इमॅझेथापायर १० टक्के. पंपाला ४० मिली. पेरा २५ जानेवारीचा, वाण टीएजी २४. फवारलं २० फेब्रुवारीला, म्हणजे आज आठ दिवस झाले. अजून काय पाहिजे? माणसाला हो म्हणू की नको?

बागायतदार७
४० मिली! तिथंच चुकलं. आम्ही ३० च्या वर जात नाही. डोस जास्त झाला की शेंडा जळणारच. टॉनिक मारा, सोबत १९:१९:१९ खत द्या, चार दिवसांत हिरवंगार.

कोरडवाहू
पंपाच्या मापाला एकट्याला अर्थ नाही. शेत किती आणि पंप किती लागले? एकराला ४०० मिली बसलं पाहिजे. १३ पंप मारणाऱ्याला ३० मिली बरोबर, १० पंप मारणाऱ्याला ४०.

माळावरचा
वीस गुंठे, पाच पंप. १५ लिटरचा.

कोरडवाहू
म्हणजे २०० मिली. अर्ध्या एकराला बरोबर. डोस चुकलेला नाही. शिवाय इमॅझेथापायरचा त्रास वेगळा दिसतो. शेंड्याची नवी पानं पिवळट पडतात, झाड काही दिवस खुंटतं, दोन-तीन आठवड्यांत सावरतं. पीळ पडत नाही.

चुनखडी
पिवळं म्हणत असाल तर लोह कमी आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर फेरस सल्फेट मारा.

वरची_आळी
पिवळं म्हटलंय कुणी?

फुलकिडा
अहो ही शेंडेमर आहे. विषाणू. फुलकिड्यांमुळे पसरतो. माझा गेल्या उन्हाळ्यात निम्मा प्लॉट गेला. आजच कीटकनाशक घ्या, तणनाशकाच्या मागे लागून वेळ घालवू नका.

कोरडवाहू
शेंडेमर इथं एक झाड, तिथं एक झाड अशी येते. धागाकर्ते, एकच सांगा: सगळ्या रानात सारखंच आहे, की कुठं जास्त कुठं कमी?

माळावरचा
आबांना विचारलं. म्हणाले विहिरीकडच्या सरीपासून सात-आठ ओळी पार वाकल्यात, देठ पिळल्यासारखे. मधे कमी. बांधाकडच्या शेवटच्या पट्ट्यात जवळजवळ काहीच नाही. आणि फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच झाडांनी माना टाकल्या होत्या. त्यांना वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून त्यांनी पाणी दिलं.

पांढरं_सोनं
भाऊ, वऱ्हाडातून लिहितो. हे वाचलं अन् हसू आलं, माफ करा. आमच्याकडे कपाशीची पानं भेंडीसारखी होतात ना, तोच प्रकार. पहिला पंप विहिरीजवळ भरला असन तुमी. पंप कोणाचा होता?

माळावरचा
पंपाचा काय संबंध? आमचा बिघडला होता, काकाचा आणला. धुऊन घेतला होता.

पांढरं_सोनं
काकाकडे ऊस हाय का?

माळावरचा
आहे.

माळावरचा
आत्ता काकाला फोन केला. १५ तारखेला उसात टू-फोर-डी मारलं होतं.

कोरडवाहू
झालं मग. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणाचं औषध, ऊस गवतवर्गातला म्हणून त्याला चालतं. भुईमूग रुंद पानाचा. पहिल्या पंपात राहिलेलं सगळं उतरलं, पुढच्या पंपांना धुपत गेलं. म्हणून पट्टे पडलेत. धुतला म्हणजे कसा धुतला?

माळावरचा
विहिरीवर दोनदा हिसळला, आबा म्हणाले.

पांढरं_सोनं
हिसळून नाही जात ते. नळीच्या रबरात, वायसरात, गाळणीत बसते. त्यातला ईथाइल एस्टर प्रकार असन तर आणखीच चिवट. धुण्याचा सोडा टाकून काठोकाठ भरा, रातभर ठेवा, सकाळी नोझलमधून सगळं बाहेर काढा. नोझल, गाळणी खोलून घासा. मंग साध्या पाण्यानं तीनदा. ते पाणी विहिरीत, पाटात जाऊ देऊ नका. शेवटचं पाणी परसातल्या टमाट्याच्या एका झाडावर मारून दोन दिवस पाहा. झाड वाकलं नाही तरच पंप पिकात न्या. मी तर आता तणनाशकाचा पंप लाल रंग मारून वेगळाच केला.

बागायतदार७
ते ठीक, पण पिकाला उपाय काय? टॉनिक मारायला काय हरकत आहे?

कोरडवाहू
टू-फोर-डी हे स्वतःच वाढीच्या संजीवकासारखं काम करतं. झाड त्यानंच बेताल वाढून पिळवटतं, त्यात अजून टॉनिकमधलं संजीवक कशाला? त्याला उतारा असं औषध नाही. उद्याच्या माणसाला नको म्हणा. रान वाफशावर, म्हणजे बेताचं ओलसर ठेवा, ताण देऊ नका, डुबवूही नका. १५ दिवस दुसरं तणनाशक नाही. आत्ता फुलं लागली आहेत का?

माळावरचा
चार-दोन झाडांना पिवळी दिसतात म्हणे. सातशे वाचले म्हणायचे.

कोरडवाहू
मग बरं आहे. आऱ्या (फुलातून जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे देठ) सुटताना झालं असतं तर शेंगा गेल्या असत्या. वळलेली पानं सरळ होणार नाहीत, ती बघत बसू नका. शेंड्यातून नवं पान कसं निघतं ते बघा.

शेणकाला
म्हणूनच म्हणतो, जीवामृत.

भाव_काय
अवांतर: शेंगांना सध्या काय दर आहे कुणाला माहीत आहे का?

फुलकिडा
फुलकिडे तरी बघून घ्या एकदा. मी सांगितलेलं चूक नव्हतं.

माळावरचा
(१३ मार्च) शनिवारी जाऊन आलो. मधल्या पट्ट्यात नवं पान चारही दलं पसरून सरळ आलंय. विहिरीकडच्या दोन ओळी मात्र अजून चिमट्यात धरल्यासारख्या आहेत, तिथं उत्पन्न धरत नाही. तण बाकी चांगलं मेलंय, लव्हाळा सोडून. काका म्हणतो पंप देताना मी सांगितलं होतं. आबा म्हणतात नव्हतं सांगितलं. दोघं बोलत नाहीत सध्या. पंप आमच्याच गोठ्यात आहे, सोड्याच्या पाण्यानं भरलेला.