मदत हवी आहे: दारात तीन म्हशी, पण दूध माझ्या पोटाला चालत नाही. आता पोरीचं काय करू?

राम राम मंडळी.

हा धागा काढायला दोन महिने लागले, कारण विचारायचीच लाज वाटत होती. मी दूधवाला आहे. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात गाव. दारात तीन नागपुरी म्हशी आणि एक गवळाऊ गाय. पहाटे साडेचारला धारा, साडेसहाच्या आत कॅन डेअरीवर. आणि मी स्वतः दूध पीत नाही. पीत नाही म्हणजे पिऊ शकत नाही.

लहानपणापासूनचं आहे हे. ग्लासभर दूध पोटात गेलं की तासा-दीड तासात पोट नगाऱ्यासारखं फुगते, गुडगुड सुरू होते, आणि मग टमरेल घेऊन पळायचं. शाळेत असताना मी माझा ग्लास गुपचूप आमच्या कुत्र्याला पाजायचो. बाबा होते तेव्हा त्यांच्यासमोर प्यावंच लागायचं. त्यांचं एकच म्हणणं, "दूधवाल्याच्या घरचं पोट्टं अन् दूध पेत नाई? लोकं म्हनतील, पानी टाकतात म्हनूनच घरचे पेत नाई." आता बाबा नाहीत, हे वाक्य माय म्हणते.

गंमत अशी की सगळंच बाधत नाही. दही वाटीभर खातो. ताक तर उन्हाळ्यात तांब्याने पितो. कढी-गोळे पोटभर जेवतो, भाकरीवर तूप घेतो, चहाला काही होत नाही. पण बासुंदी खाल्ली की रात्र गेली. मागे एका बारशात चार पेढे खाल्ले आणि परत येताना मोटरसायकल दोनदा तुरीच्या धुऱ्यावर (बांधावर) थांबवावी लागली. एवढ्या वर्षांत कोणा डॉक्टरला विचारलं नाही. दूधवाल्याने काय विचारायचं?

माझं एक वेळ चालून गेलं, आता पोरीचं आहे. तिसरीत आहे, आठ वर्षांची. माय तिला रोज रात्री झोपायच्या आधी ग्लासभर म्हशीचं दूध देते. चुलीवर गंजात (पातेल्यात) आटवून आटवून, साखर घालून, वर बोटभर साय. माझ्या म्हशीची फॅट डेअरीत सात टक्क्यांच्या वर लागते, तेव्हा साय कशी येत असेल ते समजून घ्या. दिवाळीपासून पोरगी म्हणते, पोट दुखते. माय म्हणते, नाटकं करते. बायको म्हणते, तुमच्यावर गेली.

मागच्या आठवड्यात बायको तुळशीला पाणी घालायला गेली तर वृंदावनात आंबूस वास. बुडाशी मुंग्यांची रांग. माती उकरली तर पांढरट चोथा निघाला, आणि तुळस अर्धी वाळलेली. पोरीला विचारलं तर खाली मान. महिनाभर रोजचा ग्लास तुळशीत जात होता! मला हसावं की रडावं कळेना, कारण मी तेच केलं होतं, फक्त तुळशीच्या जागी कुत्रा होता. मायला अजून सांगितलं नाही. तिला वाटते तुळस थंडीने गेली.

तर प्रश्न असे. हे दुखणं बापाकडून पोरीत येते का? दूध बंद केलं तर हाडं कच्ची राहतील का? आणि सगळ्यात अवघड, ज्या घराची चूल दुधावर चालते तिथे आजीला हे सांगायचं कसं?

पांदणवाट (अकोला जिल्हा)

भाऊ, टेन्शन नोका घेऊ. म्हशीचं दूध जडच असते. तुमच्याकडे गवळाऊ आहे ना, मग तिचं पाजा पोरीला. देशी गाईचं दूध म्हणजे अमृत, कोणाले बाधत नाही. चिमूटभर हळद टाकून उकळी काढा. आणि नाहीच जमलं तर शेळी बांधा दारात. सेवाग्राम तुमच्याच जिल्ह्यात, आणि बापूंनी गाई-म्हशीचं दूध सोडल्यावर आजारपणात शेळीच्याच दुधाने निभावलं होतं.

बाकी खरं सांगू का, आमच्या वेळी नाही म्हटलं तर माय पाठीत धपाटा घालायची. पिऊन पिऊन सवय झाली. आजकाल पोट्ट्यांचे लाड जास्त होतात.

धानपट्टा

मी भंडाऱ्याकडची. आमच्या घरी ग्लासात दूध भरून प्यायची पद्धत मी लग्न होईपर्यंत पाहिलीच नव्हती. दूध चहापुरतं, नाहीतर आजारी माणसाला. घरी म्हैस नव्हती हे एक कारण, आणि कोणाला त्याची ओढही नव्हती. भात, वरण, तळ्यातल्या बारीक मासोळ्या काट्यासकट, यावर आम्ही पाच भावंडं वाढलो. माझी आई सत्तरीत आहे, रोवणीला अजून चिखलात उतरते. म्हणून दूध नाही म्हणजे हाडं नाहीत, असं काही मला पटत नाही.

सासर अमरावतीकडचं. इथे पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पितळी पेल्यात दूध दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. प्यायले. काही झालं नाही, पण चव अजूनही आवडत नाही. न आवडणं आणि न पचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाऊ. तुमच्या पोरीचं कोणतं, ते आधी पाहा.

सिस्टरताई

ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, डॉक्टर नाही. पण हे रोज पाहते म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

भाऊ, तुमचं वर्णन पुस्तकातलं आहे. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) लागते. अंगावर पिणाऱ्या बाळात ते भरपूर असते, मग बहुतेक माणसांत वय वाढते तसं कमी होत जाते. जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत ते कमीच असते, तेव्हा लाज वाटण्यासारखं काहीच नाही. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली की तिथले जंतू ती आंबवतात, त्याचा गॅस होतो, आणि ती पाणी ओढून घेते. नगारा आणि टमरेल, दोन्हींचं कारण हेच.

दही का चालते? विरजणातले जंतू थोडं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात, आणि उरलेलं फोडायला पोटातही मदत करतात. ताकात पाणी असते म्हणून ते आणखी सोपं. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच. चहातलं दूध किती, तर दोन-चार घोट. पण पेढा म्हणजे आटवलेला खवा, त्यात पाणी गेलं तरी साखर राहिली. बासुंदीचं तेच. तुम्ही चार पेढ्यांत ग्लासभर दुधाचं लॅक्टोज तरी खाल्लं असेल, धुरा गाठावाच लागणार.

पांदणवाट दादा, राग नका मानू. गाय, म्हैस, शेळी, देशी, जर्सी, सगळ्यांच्या दुधात लॅक्टोज साधारण सारखंच, 100 मिलीत साडेचार-पाच ग्रॅमच्या आसपास. म्हशीचं जड लागते ते फॅटमुळे, ती गोष्ट वेगळी. उकळून किंवा हळद टाकून ही साखर जात नाही. उकळायचं मात्र नक्की, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला येणारा ताप) आणि टीबीचे जंतू येऊ शकतात. धारोष्ण पिण्याची हौस असलेले पेशंट मी पाहिले आहेत. आणि सवयीचं म्हणाल तर विकर काही परत येत नाही. रोज थोडं थोडं, जेवणासोबत घेतलं तर काहींच्या आतड्यातले जंतू जुळवून घेतात, एवढंच. धपाट्याचा त्यात हात नाही.

आता पोरगी. हे घराण्यात चालू शकते, पण म्हणून तिला आहेच असं नाही. मला तीन गोष्टी सांगा. तिला पेढा, खीर, बासुंदी बाधते का? पोट दूध प्यायच्या आधी दुखते की नंतर? आणि शाळेत जंताची गोळी घेतली का? 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत देतात. उघड्या पायाने गोठ्यात खेळणाऱ्या लेकराच्या पोटदुखीत मी पहिलं हेच विचारते. वजन घटत असेल, संडासात रक्त असेल, ताप असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखत असेल, तर धागे वाचत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं हा वेगळा आजार, ती अॅलर्जी. त्यात दही-ताकही चालत नाही.

हाडांचं: सात ते नऊ वर्षांच्या लेकराला दिवसाला 650 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) 2020 चं कोष्टक सांगते. पाव लिटर दुधात तीनशेच्या आसपास मिळते. दीड वाटी दह्यातही जवळपास तेवढंच. तिळाची चटणी, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला घातलेलं वरण, नाचणी, हे सगळं आपल्याकडे मिळते. त्यातलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून एकाच गोष्टीवर भिस्त नको. कॅल्शियम अंगी लागायला ऊनही हवं, ते तर वर्ध्यात फुकट आहे. बाकी दही चालत असेल तर दुधाच्या ग्लासावरून घरात महाभारत कशाला?

मूळ धागाकर्ता

ताई, खूप आभार. वाचून बायकोला मोठ्याने दाखवलं.

दुधाआधी की नंतर, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पेढ्याचं आठवते, तिने एका लग्नात माझ्यादेखत पाच खाल्ले होते आणि रात्रभर मस्त झोपली. जंताची गोळी तापामुळे चुकली होती, उद्या उपकेंद्रातून आणतो. वजन वगैरे ठीक आहे. दोन-तीन आठवडे बघून परत लिहितो.

पांदणवाट दादा, गवळाऊ मुळात बैलासाठीची जात, दूध बेताचंच. जे देते त्यातलं निम्मं वासरू पिते. शेळीचं घरी बोललो तर माय म्हणाली, मग मी जातो काशीले.

पांदणवाट (अकोला जिल्हा)

सिस्टरताई, राग कायचा. म्हणजे मी तीन वर्षं ते महागडं देशी गाईचं दूध नुसतंच घेत होतो म्हणा की! आजपासून घरवालीसमोर हा धागा उघडत नाही.

मूळ धागाकर्ता

मंडळी, वीसेक दिवसांनी लिहितो आहे. गहू काढणीत अडकलो होतो.

पोरीवर लक्ष ठेवलं. दुखणं दूध प्यायच्या आधीच सुरू होते. किती आधी? मायने गंज चुलीवर चढवला, फुंकणी हातात घेतली, की इकडे पोरगी पोट धरून बसली. चार दिवस पाहिलं, चारही दिवस तसंच. मग मी तिला म्हशीजवळ नेऊन एकटीला विचारलं, दुधाचं नेमकं काय आवडत नाही? तिने चंद्रीच्या कासेजवळ बोट दाखवलं. तिथे गोचीड होता. म्हणाली, "बाबा, साय जिभेवर अशीच चिकटते." त्यानंतर मलाच दोन दिवस चहा गेला नाही.

मग तिला आठ दिवस दूध बंद, फक्त दही. नंतर एक दिवस सकाळी पोळीसोबत अर्धा कप. थंड, बिनसाखरेचं, चहाच्या गाळणीतून दोनदा गाळलेलं. प्यायली, शाळेत गेली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊण कप, तरी काही नाही. म्हणजे तिला दूध बाधत नाही, साय बाधते. धानपट्टा ताई म्हणाल्या तेच. माझं दुखणं मी तिच्या गळ्यात घालायला निघालो होतो. जंताची गोळीही दिली आहे.

त्याच आठवड्यात मीपण अर्धा ग्लास पिऊन पाहिला, इतक्या वर्षांनी, खात्री म्हणून. खात्री झाली. डेअरीवर रांगेत माझा नंबर दुसऱ्याला द्यावा लागला.

राहिली माय. परवा रात्री ती साय काढून वाटीत ठेवत होती, तूप कढवायला. पोरीच्या वाट्याची साय वाचते हे तिला आधीच पटलं होतं, महिन्याला तेवढंच तूप जास्त. म्हटलं आता सांगूनच टाकावं. तुळशीचं सांगितलं, माझं सांगितलं, कुत्र्याचंही सांगितलं. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मले का माहीत नव्हतं? गावातले सगळे कुत्रे हाडकुळे, अन् आपलाच कुत्रा काऊन एवढा गुबगुबीत होता?" मग बाबांना का नाही सांगितलं, असं विचारलं. "त्यायले सांगून काय, मंग त्यायनं कुत्रं सोडून देलं असतं."

सध्या पोरगी सकाळी गाळलेलं दूध, मी दही-ताक, माय तिचा सायीचा ग्लास. सिस्टरताई, वर्ध्याला आलात तर गोरसपाक (इथली तुपातली बिस्किटं) माझ्याकडून. तो मी पाहुण्यांना देतो, स्वतः एकच खातो.

तुळस नवी लावली, पण वृंदावनातल्या मुंग्या काही केल्या जात नाहीत. हळद टाकून झाली, राख टाकून झाली. कोणाकडे उपाय असेल तर इथेच सांगा, त्यासाठी वेगळा धागा काढत नाही.