अल्फाला 'पारदर्शकता' म्हणायचं का?

सांजवात: मुलांसाठी ओपनसीव्हीच्या (फोटोंवर काम करायची प्रोग्रॅमिंग लायब्ररी) मराठी नोट्स लिहितेय. फोटोवर लोगो डकवायचा धडा आहे, त्यात अल्फा चॅनेलला (चित्राचा प्रत्येक ठिपका खालचं किती झाकतो तो ० ते २५५ मधला आकडा) मी 'पारदर्शकता' लिहून मोकळी झाले. काल एकाने विचारलं, मॅडम, पारदर्शकता २५५ म्हणजे पूर्ण आरपार ना? शब्द बघता त्याचं बरोबरच आहे, पण कोडमध्ये उलटं, ० म्हणजे आरपार आणि २५५ ला खालचं काहीच दिसत नाही. 'अपारदर्शकता शून्य' लिहिलं तर वाचताना दोनदा थांबावं लागतं. दुसरा शब्द सुचवा ना.

बोरूवाला: अपारदर्शकताच बरोबर, थांबू देत की दोनदा. आणि ओव्हरलेला, म्हणजे एका चित्रावर दुसरं ठेवण्याला, अध्यारोपण लिहा. डकवणे म्हणजे वहीत चित्र चिकटवल्यासारखं वाटतं.

माळावरचा: अहो पण चित्रच तर चिकटवतोय! अध्यारोप वेदान्तातला, दोरीवर साप दिसतो तो. आमचे वडील बोर्ड रंगवायचे. पिवळ्याचा पहिला हात मारला की जुनी अक्षरं खालून दिसत राहायची, मग म्हणायचे, एका हातात झाकत नाही, दुसरा मार. अल्फा म्हणजे तेच, रंग किती झाकतो ते. माझं मत 'झाक'.

बोरूवाला: झाक म्हणजे छटा हो. निळसर झाक म्हणतोच की आपण.

रंकाळा: आमच्याकडं झाक म्हणजे एक नंबर, लै झाक! पण झाकणे आणि निळसर झाक एकाच घरचे असावेत असं मला वाटतं, वरून हलका रंग आला की खालचं थोडं झाकलंच जातं ना.

बोरूवाला: नुसत्या आवाजावरून नातं जोडू नका.

पिक्सेलवेडा: अल्फाच ठेवा. १९७० च्या दशकात अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी मिसळायच्या सूत्रातलं ग्रीक अक्षर उचलून ते नाव दिलं. अल्फाला २५५ ने भागायचं, वरच्या पिक्सेलला (चित्रातल्या ठिपक्याला) अल्फाने गुणायचं, खालच्याला १ वजा अल्फाने, आणि बेरीज. त्यापेक्षा मुलांना हे सांगा की इमरीडला (फोटो वाचणारं फंक्शन) 'अनचेंज्ड' फ्लॅग, म्हणजे जसंच्या तसं वाच ही सूचना, दिला नाही तर चौथा म्हणजे अल्फा चॅनेल गळतो आणि लोगोभोवती बहुतेकदा काळा चौकोन येतो.

सांजवात: आला होता! अर्ध्या वर्गाचा काळा. फ्लॅगची ओळ आज टाकली. 'झाक' पण बोलून पाहिला, '१२८ ला झाक अर्धी' छान वाटलं, पण 'झाक वाढव' म्हटल्यावर एकीने लोगोचा रंगच गडद केला.

बोरूवाला: म्हणूनच म्हणत होतो.

माळावरचा: मग 'दाटपणा' घ्या, पण डकवणे काढू नका. डिंकाशी नातं असणार त्याचं.

बोरूवाला: डिंकाशी? कसं काय, सांगा बघू.