निर्वासितांचं मन कशाने खचतं: मागच्या युद्धाने की पुढच्या कागदाने?

कोराकागद

निर्वासित आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मानसिक स्वास्थ्यावरचं संशोधन आधी अभ्यास म्हणून वाचायचो, आता खोड म्हणून वाचतो. मत जरा तिखट आहे, पटलं नाही तर झोडा. या क्षेत्राने दोनच प्रश्न हट्टाने धरून ठेवलेत: मागे काय भोगलंत, आणि इथल्या लोकांत मिसळलात का? आज तुमच्या घरात काय चाललंय, हा प्रश्न कायम शेवटच्या बाकावर.

मिसळण्याचं घ्या. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची चौकट पाठ्यपुस्तकात असते. आपलं ठेवून नवं घेतलं तर एकात्मता, आपलं सोडलं तर विलीनीकरण, नवं नाकारलं तर अलगपणा, दोन्ही सुटलं तर परिघावर. २००६ मध्ये त्यांच्या गटाचा १३ देशांतला अभ्यास आला, पाच हजारांवर स्थलांतरित मुलं. निष्कर्ष असा की दोन्हीकडे पाय असणारी मुलं सगळ्यांत बरी. (आपल्याकडे दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण असो.) मग २०२१ मध्ये बिएर्व्हियाचोनेक आणि कुन्स्ट यांनी असे अभ्यास एकत्र करून तपासले. एकदाच प्रश्नावली भरून घेतलेल्या अभ्यासांत संबंध दिसला, तोही बारीकच. त्याच माणसांना काही काळाने पुन्हा विचारलेल्या अभ्यासांत तो जवळपास नाहीसा झाला. मिसळल्यामुळे माणूस सुखी होतो की सुखी माणूस सहज मिसळतो, हे एका प्रश्नावलीतून कळणार तरी कसं?

आणि भोगण्याचं म्हणाल तर निर्वासितांवरच्या अभ्यासांचं २००५ चं पोर्टर आणि हॅस्लम यांचं विश्लेषण वाचा. छावणीवजा निवारा आणि कामधंद्याची बंदी असेल तिथे मनःस्वास्थ्य जास्त खालावलेलं. शिवाय जे जास्त शिकलेले, आधी बऱ्या स्थितीतले, त्यांची अवस्था अधिक वाईट. ज्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त होतं तो जास्त खचला. यात युद्धाइतकाच नव्या देशाच्या नियमांचा, म्हणजे व्हिसा-परवान्यांच्या कागदांचा, हात आहे.

उंबरठा

सपशेल असहमत. मी समुपदेशनात आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे, तेवढं धरून वाचा.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिएतनामी निर्वासितांचा २००२ चा अभ्यास आहे, ११६१ प्रौढांचा. या लोकांना येऊन दशक उलटलं होतं, कागदपत्रांची टांगती तलवार उरली नव्हती. बहुतेक जण ठीक होते, हे मान्य. पण ज्यांनी तीनहून जास्त भयंकर प्रसंग पाहिले होते, त्यांच्यात दहा वर्षांनंतरही मानसिक आजाराची जोखीम जास्त होती. सगळं वर्तमानच असतं तर ही माणसं कधीच सावरली असती.

दुसरी गोष्ट. युगांडातल्या निर्वासित वस्तीत सुदानी लोकांवर कथनाधारित उपचार करून पाहिले, निकाल २००४ मध्ये आले. या पद्धतीत जमिनीवर एक दोरी पसरतात. ती आयुष्याची. चांगल्या प्रसंगाला फूल ठेवायचं, वाईटाला दगड. मग त्या क्रमाने, घाई न करता, एकेका दगडाशी थांबून बोलायचं. दोरीचं शेवटचं टोक गुंडाळलेलंच ठेवतात, कारण ते अजून जगायचंय. वर्षभराने या गटातल्या २९ टक्के लोकांना पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) उरला होता, नुसतं समुपदेशन मिळालेल्या गटात ७९ टक्क्यांना. वस्ती तीच होती, कागद आलेले नव्हते. तरी फरक पडला ना?

आकडेमोड

२००४ चा तो प्रयोग अवघ्या ४३ जणांवरचा आहे, उंबरठा. तीन गटांत वाटल्यावर एकेका गटात किती उरले ते बघा. पद्धत चांगली असेल, पण तेवढ्यावर इमारत उभारू नका.

एकूणच इथले आकडे जपून वापरावेत. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात पाश्चात्त्य देशांत स्थिरावलेल्या निर्वासित प्रौढांपैकी साधारण ९ टक्क्यांना पीटीएसडी होता. २००९ च्या एका महाविश्लेषणात (अनेक पाहण्यांचे आकडे एकत्र करून केलेल्या) १८१ पाहण्या, ८१,८६६ माणसं, युद्धग्रस्त आणि विस्थापित मिळून, आणि प्रमाण ३०.६ टक्के. पाहण्यांमधल्या तफावतीचा काही वाटा पद्धतीचा निघाला. नमुना छोटा, माणसं सोयीने गोळा केलेली, मुलाखतीऐवजी स्वतः भरायचा फॉर्म, की टक्केवारी चढते. निर्वासित म्हणजे मानसिक रुग्ण असं जे सर्रास बोललं जातं, ते बऱ्याचदा फॉर्मचं अपत्य आहे.

तिरकस

मूळ धाग्यालाच माझा आक्षेप. स्थलांतरित आणि निर्वासित एकाच वाक्यात का? मी नोकरीसाठी देश सोडला. मनाविरुद्ध वगैरे काही नाही, परत जायचं तर उद्या तिकीट काढेन. १९५१ च्या जिनिव्हा करारातला निर्वासित म्हणजे छळाच्या रास्त भीतीने जो मायदेशी परतू शकत नाही तो. आमच्या घरातली रुखरुख आणि त्यांची रात्र एका प्रश्नावलीत कोंबली की काहीही निष्कर्ष निघतो.

अवांतर: अमेरिकेतल्या संशोधनात स्थलांतरितांचा विरोधाभास म्हणून एक प्रकार आहे. गरिबी असूनही पहिल्या पिढीची मुलं आरोग्यात, वागणुकीत बऱ्याचदा पुढच्या पिढ्यांपेक्षा बरी निघतात. म्हणजे मिसळणं जितकं वाढतं तितकं बिघडतं की काय? हलकं घ्या.

मधलीभाषा

मी दुभाष्याचं काम करते. कुटुंब हा शब्द धाग्यात आहे, पण घरातली मुलं कुणाच्याच प्रतिसादात नाहीत, म्हणून लिहिते.

एकदा तपासणीच्या खोलीत मला पोचायला उशीर झाला, तोवर अकरा वर्षांचा मुलगा आईसाठी बोलत होता. डॉक्टरांनी दोन-तीन वाक्यांत काहीतरी गंभीर सांगितलं. मुलगा थांबला, बुटाच्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "गोळ्या घे म्हणतायत." बाकी सगळं त्याने स्वतःपाशी ठेवलं. वडील मात्र डॉक्टरांकडे नाही, मुलाकडे बघत होते, आता काय करायचं म्हणून. स्थलांतराचे अभ्यासक पोर्टेस आणि रुम्बाउट यांनी लिहिलंय की मुलं भाषेत आईबापांच्या फार पुढे गेली की घरातला अधिकार उलटा होतो. एखाद्या मुलाला याचं ओझं होतं तर कुणाला अभिमान वाटतो, दोन्ही दिसतं. पण त्या मुलाच्या चेहऱ्यावर मला अभिमान दिसला नव्हता.

आणि आकडेमोड, फॉर्मच्या भाषेचंही बघा. काबूलमध्ये अफगाण लोकांच्याच शब्दांवरून एक लक्षणसूची केली गेली, २००६ मध्ये छापून आली. त्यात 'जिगर खून' आहे. आपण काळजाचं पाणी झालं म्हणतो, त्यांच्याकडे काळजाचं रक्त. नैराश्याच्या आयत्या फॉर्ममध्ये हे कुठे बसवायचं?

कोराकागद

तिरकस, भेद मान्य. पण तुमचा 'उद्या तिकीट काढेन' हाच तर माझा मुद्दा आहे. ते तिकीट म्हणजे कागदच.

ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा व्हिसा आणला. तीन वर्षांचा, आणि बायकामुलांना बोलावून घ्यायची सोय नाही. सिडनीतल्या फारसीभाषक निर्वासितांची २००६ मध्ये तुलना झाली: काहींकडे हा व्हिसा, काहींकडे कायमचा. मागे भोगलेलं दोन्ही गटांत जवळपास सारखं. तरी तात्पुरत्या व्हिसावाल्यांत चिंता, नैराश्य, पीटीएसडी ठळकपणे जास्त, आणि त्याचा सर्वांत भक्कम अंदाज देणारा घटक व्हिसाचा प्रकार. उंबरठा, आता बोला.

उंबरठा

बोलते. त्या अभ्यासात व्हिसामुळे वाढलं काय, ते पुन्हा वाचा. पीटीएसडी. म्हणजे मागच्याच गोष्टींची स्वप्नं. परत पाठवतील ही धास्ती असेल तर मागचं 'मागे' जातच नाही, ते पुढे उभं राहतं. तुम्ही दोन डबे केलेत, युद्ध एकात आणि कागद दुसऱ्यात. माझ्यासमोर बसलेल्या माणसाकडे एकच डबा असतो. व्हिसा द्या, मी आनंदाने टाळ्या वाजवीन. पण तो येईपर्यंत दोरी गुंडाळून ठेवा असं मला सांगू नका.

कोराकागद

डबे एक असतील, पण पैसा दोन खात्यांत जातो, आणि दोरीचं खातं नेहमी भरलेलं असतं. थेरपीला निधी मिळतो, कामाच्या परवान्यावर संशोधन करायचं तर कुणी दार उघडत नाही. मुद्दा सोडत नाही, फक्त 'युद्ध की कागद' हे शीर्षक जरा भडक झालं हे मान्य.

आकडेमोड

निधीचं तुम्ही छातीठोकपणे म्हणताय, त्याचा आकडा कुठेय?

मधलीभाषा

माझ्याकडे आकडा नाही, एक प्रसंग आहे. प्रश्नावली संपली. शेवटचा प्रश्न झोपेबद्दल होता. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "गुण जास्त आले तर आमची केस लवकर लागेल, की अडकेल?" मी शब्द न बदलता तसंच सांगितलं. संशोधक मॅडमनी ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. पुढच्या बाजूला त्याला जागा नव्हती.