प्रतिसाद: रब रेलचा तुटका तुकडा

रब रेल, म्हणजे आपट झेलायला होडीच्या कडेने लावलेली लाकडी पट्टी, एका जागी तुटली तर काय करावं, हा इथला प्रश्न. पूर्ण पट्टी बदलायची गरज नाही, हे वर आलेलं मत मलाही पटतं. पण खड्ड्यात पुट्टी भरून रंग मारण्याला माझा विरोध. धक्क्याचा पहिला मार ही पट्टीच खाते, त्यामुळे पुट्टी पुढच्याच आपटीत निखळते. खराब भाग कापून त्याच लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवा. उतार किमान १:८ ठेवा, म्हणजे २० मिमी जाडीच्या पट्टीला सांधा १६० मिमी लांब. काटकोनात कापून टोकाला टोक जोडलंत तर गोंद कितीही भारी असो, तिथेच उघडणार. लाकूड सागवान असेल तर इपॉक्सी गोंद लावण्याआधी ॲसिटोनने पुसा, त्यातलं तेल चिकटू देत नाही.

एक गोष्ट मात्र कुणीच लिहिली नाही: पट्टी काढल्यावर मागे काय दिसतं ते. बऱ्याच छोट्या फायबर होड्यांत डेक (वरचा भाग) आणि हल (होडीचं खालचं अंग) यांचा जोड नेमका या पट्टीमागेच असतो. माझ्या होडीत केबिनमध्ये पाणी झिरपायचं आणि मी दोन मोसम खिडक्यांनाच सीलंट फासत बसलो होतो! खरं कारण या पट्टीच्या स्क्रूची सैल झालेली भोकं. ती मोठी करून घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरली, सुकल्यावर नव्याने ड्रिल केली आणि प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून बसवला. तेव्हापासून आतली गादी कोरडी आहे.